मंत्रालयाच्या पायरीशी अडलेली स्वायत्तता

दिल्ली राज्यांचे हक्क गिळंकृत करते, ही तक्रार आपल्या राजकारणात इतकी जुनी झाली आहे की ती ऐकताना कोणाच्या कपाळावर आठीही उमटत नाही. विरोधात असलेला पक्ष ती करतो, सत्तेवर आला की विसरतो आणि सत्ता गेली की त्याला ती पुन्हा आठवते. तरीही ती खोटी नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे आम्ही जे म्हणणार आहोत त्याचा सोयीस्कर अर्थ लावून कोणी आम्हांस केंद्राच्या पंक्तीला बसवू नये.

राज्यघटनेचे ३५६ वे कलम मृतवत् राहावे, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी घटनासमितीत व्यक्त केली होती. प्रत्यक्षात ते शंभराहून अधिक वेळा वापरले गेले. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारने नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारे एकाच फटक्यात घालवली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी परत येताच नऊ राज्यांचाच हिशेब चुकता केला. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या मनमानीला वेसण घातली, तेव्हा मार्ग बदलला. राज्यपालांनी विधेयकांवर सहीच करायची नाही, हा नवा मार्ग. तमिळनाडूच्या खटल्यात एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यपालांना कालमर्यादा घालून दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घटनापीठाने राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत देताना सांगितले की अशी ठरावीक मर्यादा न्यायालयाला घालता येणार नाही, मात्र राज्यपालांना अनंत काळ गप्प बसून राहण्याचाही अधिकार नाही. महाराष्ट्राला यातले काही परके नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे मंत्रिमंडळाची बैठकही न होता राष्ट्रपती राजवट उठली आणि लोक चहा घेत असताना राज्याला मुख्यमंत्री मिळालेला होता.

पैशाची कथाही तशीच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील ४१ टक्के वाटा राज्यांना द्यावा असे सांगितले. पण उपकर आणि अधिभार यांची गणना त्या वाटपाच्या राशीत होत नाही. म्हणून कर वाढवायचा असेल तेव्हा दिल्ली उपकर वाढवते. वस्तू व सेवा कर परिषदेत तीन चतुर्थांश मतांनी निर्णय होतो आणि एक तृतीयांश मते एकट्या केंद्राची असतात. म्हणजे सारी राज्ये एक झाली तरी केंद्राच्या संमतीवाचून पान हलत नाही. केंद्र आणि राज्ये यांनी समोरासमोर बसून बोलावे म्हणून सरकारिया आयोगाच्या शिफारशीनुसार १९९० मध्ये आंतरराज्य परिषद स्थापन झाली. २०१६ पर्यंतच्या सव्वीस वर्षांत तिच्या अवघ्या अकरा बैठका झाल्या. आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या याहून अधिक होतात.

तेव्हा फिर्याद खरी आहे. आमचा आक्षेप फिर्यादीवर नाही, फिर्यादीवर आहे तो फिर्याद करणाऱ्यावर. दिल्लीच्या दारात उभे राहून स्वायत्ततेचा घोष करणारा हाच राज्यकर्ता आपल्या घरी परतला की आपल्याहून लहान असलेल्यांशी कसा वागतो, हे कोणी विचारीत नाही.

तमिळनाडू हे राज्यांच्या स्वायत्ततेचे माहेरघर. १९६९ मध्ये राजमन्नार समिती नेमून केंद्र-राज्य संबंधांची फेरमांडणी मागणारे हे पहिले राज्य. एप्रिल २०२५ मध्ये त्याच प्रश्नावर न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा समिती नेमणारेही तेच. त्या राज्यात चेन्नई महानगरपालिकेची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली आणि निवडणूक झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. या पाच वर्षांहून अधिक काळात दोन्ही द्रविड पक्षांनी राज्य केले. कर्नाटकाचे मुख्यमंत्री आपल्या सहकाऱ्यांसह फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीला जंतर मंतरवर धरणे धरून बसले. आमचा कर, आमचा हक्क, अशी त्यांची मागणी होती आणि आमच्या मते ती रास्त होती. पण त्याच दिवशी त्यांच्या राजधानीत एकही नगरसेवक नव्हता. बंगळुरूच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्येच संपली होती. बंगळुरूच्या करदात्याने आपला हक्क मागायला कोणत्या मैदानावर जाऊन बसायचे?

आता आपल्या अंगणात यावे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या पावणेचार वर्षांत आयुक्त हेच प्रशासक होते. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडला तो प्रशासकांना, म्हणजे स्वतःलाच. देशातील कित्येक लहान राज्यांहून मोठ्या असलेल्या या रकमेवर लोकांनी निवडलेल्या एकाही माणसाने एक प्रश्न विचारला नाही. आणि आमची वसई? वसई-विरार महानगरपालिकेची मुदत संपली जून २०२० मध्ये. साडेपाच वर्षे ही नगरी लोकप्रतिनिधींवाचून चालली.

कारणे सांगितली जातात आणि ती अगदीच पोकळ नाहीत. आरंभी महामारी होती. पुढे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला. परंतु प्रभागांची संख्या एका सरकारने वाढवायची, दुसऱ्याने घटवायची, आणि दर खेपेस नकाशे नव्याने काढायचे, हा खेळ न्यायालयाने मांडला नव्हता. तो मंत्रालयात मांडला गेला. आघाडीनेही मांडला आणि युतीनेही. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका उरका असे बजावावे लागले, आणि तीही मुदत वाढवून घेण्यात आली. घटनेचे २४३-यू हे कलम स्पष्ट आहे: नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक. १९९३ पासून हे शब्द घटनेत आहेत.

वाचकांनी एक तुलना मनाशी करून पाहावी. एखाद्या राज्यात राष्ट्रपती राजवट लागली तर दोन महिन्यांत संसदेची मान्यता घ्यावी लागते. ती मान्यता सहा महिन्यांची असते. पुढे पुन्हा मागावी लागते. वर्ष उलटले तर देशात आणीबाणी जारी असली पाहिजे आणि निवडणूक घेणे अशक्य असल्याचे निवडणूक आयोगाने लिहून दिले पाहिजे. काही झाले तरी तीन वर्षांची कमाल मर्यादा. आणीबाणीचा पोळा अंगावर घेतलेल्या संसदेने १९७८ मध्ये ४४ व्या दुरुस्तीने ही कुंपणे अधिक घट्ट केली. आता सांगा, वसईत साडेपाच वर्षे प्रशासकीय राजवट होती तेव्हा विधानसभेला दर सहा महिन्यांनी मत द्यावे लागले काय? ज्या ३५६ व्या कलमाच्या नावाने राज्यकर्ते बोटे मोडतात, त्या कलमात राज्यांना जेवढे संरक्षण आहे तेवढे आपल्या शहरांना द्यायलाही ते तयार नाहीत.

निवडणूक झाली म्हणजे सत्ता आली असेही नाही. दिल्लीने पाठवलेला राज्यपाल निदान कागदोपत्री मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. महानगरपालिकेत राज्याने पाठवलेला आयुक्त हाच कारभाराचा धनी आहे. महापौर सभेचे अध्यक्षपद भूषवतो आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ देतो. जकात हे महापालिकांच्या स्वतःच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर गेली आणि महापालिका राज्याच्या भरपाईवर अवलंबून झाली. राज्ये म्हणतात, दिल्लीने आमचा कर नेऊन आम्हांस याचक केले. नगरपालिकांनी हेच वाक्य राज्याला ऐकवले तर त्यातला एक शब्दही बदलावा लागणार नाही.

वसईच्या वाचकांना हे नवे नाही. १९९० मध्ये राज्य शासनाने वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे दिले. केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, बावखले आणि भातशेती यांच्या या पट्ट्यात किती मजले चढावेत हे वसईकराने न निवडलेले मंडळ ठरवू लागले. हरित वसईची चळवळ तिथून उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते हे आपण जाणतो. पण ती एका धर्मगुरूची किंवा एका समाजाची चळवळ नव्हती. आपल्या पाण्याचे आणि जमिनीचे काय करायचे हे आपल्याला विचारा, एवढेच तिचे म्हणणे होते. बावखल म्हणजे काय हे मंत्रालयातल्या टेबलावर कळत नाही. नकाशावर तो खड्डा दिसतो आणि खड्डा बुजवणे हा विकास ठरतो. पावसाळ्यात गोडे पाणी जिरवून विहिरी राखणारी ती व्यवस्था आहे, हे वाडीतली म्हातारी सांगू शकते. तिला विचारायची सोय मात्र व्यवस्थेत नाही.

२००९ मध्ये चार नगरपालिका आणि आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका झाली. गावकरी रस्त्यावर आले. त्यांच्या आंदोलनानंतर २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथे वर्षानुवर्षे पडून राहिले. आणि २०२४ मध्ये शासनाने ती गावे महापालिकेतच ठेवायचे ठरवले. गावे आत असावीत की बाहेर, यावर वसईत आजही दोन मते आहेत आणि दोन्हींना आधार आहे: शहराच्या सोयी कोणाला नको आहेत? आमचा मुद्दा निराळा आहे. गाव महापालिकेत गेले की त्याची ग्रामसभा संपते. ग्रामसभेच्या बदल्यात नगरसेवक मिळतो, असे सांगितले गेले होते. २०२० नंतर तो नगरसेवकही उरला नाही. ज्या गावांत पूर्वी सामान्य माणूस उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकत होता, तिथे तो साडेपाच वर्षे अर्ज घेऊन कचेरीच्या रांगेत उभा राहिला. एका राज्याच्या बाबतीत दिल्लीने असे केले असते तर केवढा गहजब झाला असता!

आणि केंद्र व राज्य यांचे एकमत होते तेव्हा? तेव्हा तर तळच्या माणसाला वालीच उरत नाही. डहाणूजवळच्या वाढवणला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे बंदर होत आहे. त्यात केंद्राच्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथे बंदर होऊ शकत नाही असे म्हटले होते. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये ना हरकत दिली. बंदर व्हावे की न व्हावे, यावर तज्ज्ञांत वाद होऊ शकतो. परंतु डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि अशा क्षेत्रात ग्रामसभेचा शब्द मोलाचा मानावा यासाठी १९९६ चा पेसा कायदा झाला. तरीही किनाऱ्यावरचे कोळी बांधव आणि गावकरी वर्षानुवर्षे मोर्चे काढीत राहिले. ज्याला सभेत बोलून न्याय मिळतो तो मोर्चा कशाला काढील?

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात इथे एक शंका उभी राहील. ती आम्ही टाळणार नाही. आपण मूठभर. गावात संख्येचे बळ दुसऱ्याचे, पैशाचे आणि दंडाचे बळ तिसऱ्याचेच. सत्ता खाली आली तर ती आपल्या हाती येईल की गावगुंडाच्या? धर्मांतरबंदीचे कायदे केले ते राज्यांनीच; ओरिसाने १९६७ मध्ये, मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये आणि त्यानंतर कित्येकांनी. त्यापेक्षा दिल्ली बळकट असलेली बरी नव्हे काय? डॉ. आंबेडकरांनीही खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर असे कठोर उद्गार घटनासमितीत काढले होते. त्यांनी गाव भोगले होते; त्यांच्याशी वाद घालताना जपून बोलावे लागते.

परंतु अल्पसंख्याकांचा वाली दिल्ली नव्हे, मूलभूत हक्क होत. हे दोन निराळे आहेत, आणि ते निराळे न केल्याने काय घडते याचा धडा आपल्याच धर्मबांधवांच्या इतिहासात आहे. केरळात १९५७ मध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे सरकार आले आणि त्याने शिक्षण विधेयक आणले. आपल्या शाळा जाणार या भीतीने कॅथलिक समाज आणि नायर सर्व्हिस सोसायटी रस्त्यावर उतरली. भीती अनाठायी नव्हती. अंगमालीला पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पण त्याआधीच, १९५८ मध्ये, राष्ट्रपतींनी ते विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे मतासाठी पाठवले होते आणि अल्पसंख्याकांच्या संस्थांना ३० व्या कलमाचे कवच आहे असे न्यायालयाने सांगितले होते. हक्कांचे रक्षण घटनेने केलेच होते. तरीही दिल्लीने हस्तक्षेप करावा अशी मागणी झाली, आणि ३१ जुलै १९५९ रोजी विधानसभेत बहुमत असलेले सरकार बडतर्फ झाले. त्या दिवशी केरळात चर्चच्या घंटा कोणासाठी वाजल्या असतील ते असोत. जी तलवार तेव्हा परजली गेली ती पुढे कोणावरही चालवण्यास मोकळी झाली. आणि दिल्ली रक्षण करते म्हणावे तर मणिपूर पाहावे. ३ मे २०२३ ला तिथे आग लागली, चर्चे जळली, हजारो माणसे निर्वासित छावण्यांत गेली. राष्ट्रपती राजवट आली १३ फेब्रुवारी २०२५ ला. नको तिथे धावणारी आणि हवी तिथे पावणेदोन वर्षे न उठणारी ही रक्षणकर्ती कोणाच्या भरवशाची?

नंबुद्रिपादांची कथा मात्र तिथे संपत नाही. दिल्लीने ज्याची सत्ता हिरावली तो माणूस पुढे आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिला, की अधिकार राज्यांच्या राजधानीत थांबता कामा नयेत. १९७८ च्या अशोक मेहता समितीच्या अहवालाला त्यांनी आपली वेगळी टिप्पणी जोडली. १९९६ मध्ये केरळात लोकयोजना मोहीम सुरू झाली तेव्हा मार्गदर्शक परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि त्या मोहिमेने राज्याच्या योजना-निधीपैकी ३५ ते ४० टक्के रक्कम पंचायती व नगरपालिकांच्या हाती दिली. त्यांच्या विचारसरणीशी आमचे जमणारे नाही, हे सांगायला नको. पण जो अन्याय आपल्यावर झाला तो आपण आपल्याहून धाकट्यावर करू नये, एवढी साधी गोष्ट कळलेला राज्यकर्ता आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळला. केरळच्या पंचायतींत भ्रष्टाचार झाला नाही काय? झाला. मात्र तो गावाला दिसला. चोर शेजारच्या आळीतला असला की पकडता येतो.

अकरावे पायस यांनी १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात मांडलेले तत्त्व आपल्या प्रवचनांतून फारसे ऐकू येत नाही. लहान घटकाला जे स्वतः करता येते ते मोठ्या घटकाने आपल्याकडे ओढून घेणे हा अन्याय होय, असा त्याचा आशय. युरोपात हुकूमशहा सगळे काही एका मुठीत आणीत होते तेव्हा ते लिहिले गेले. (धर्मग्रामांच्या कारभारालाही हे तत्त्व लावून पाहण्यासारखे आहे, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.)

लोकांना विचारल्याने देश फुटतो, असे सांगणाऱ्यांना आम्ही गोव्याची आठवण करून देऊ. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांना विचारले गेले: महाराष्ट्रात यायचे की वेगळे राहायचे? मत निःपक्ष व्हावे म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. स्वतः बांदोडकर विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते होते, हे विशेष. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० अशा मतांनी लोकांनी नाही म्हटले. मराठी मनाला तो निकाल झोंबला खरा, परंतु आकाश कोसळले नाही, आणि गोवा व महाराष्ट्र आजही एकमेकांचे शेजारी म्हणून नांदतात. याउलट जम्मू-काश्मीर राज्याचे ऑगस्ट २०१९ मध्ये दोन केंद्रशासित प्रदेश केले गेले तेव्हा तिथे विधानसभाच अस्तित्वात नव्हती. विधानसभेचे मत म्हणून संसदेनेच संसदेला सल्ला दिला. न विचारता केलेल्या कामाची ही परिसीमा. मुंबईचा अर्थसंकल्प स्वतःला सादर करणारे आयुक्त आणि स्वतःचाच सल्ला घेणारी संसद यांच्यात आम्हांस फार अंतर दिसत नाही.

आमची मागणी एका वाक्याची आहे. ३५६ व्या कलमात राज्यांसाठी जी कुंपणे आहेत ती राज्याने आपल्या कायद्यात महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि पंचायती यांच्यासाठी घालावीत: सहा महिन्यांपलीकडे प्रशासक ठेवायचा तर दर खेपेस विधानसभेचे उघड मतदान, वर्षानंतर राज्य निवडणूक आयोगाचे लेखी प्रमाणपत्र, आणि प्रशासकाच्या काळातील प्रत्येक अर्थसंकल्प नागरिकांच्या सभेपुढे. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. पैसाही लागत नाही. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांना हा ठराव सभागृहात मांडता येईल. ज्या गावांत ग्रामपंचायत अद्याप शाबूत आहे तिथे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा आहेत. मिस्सा आटोपून त्या दिवशी घरी न जाता समाजमंदिराकडे वळावे आणि ठराव इतिवृत्तात शब्दशः लिहिला गेला की नाही, ते ग्रामसेवकाच्या शेजारी उभे राहून पाहावे.